गिरणीच्या वर ट्रॅक पूर्ण करून मिळतील

बजाजनगरात राहून कंपनीत नोकरी न केलेला मी बहुधा एकटाच माणूस असेन. गल्लीतले सगळे पहिल्या पाळीच्या बसकडे निघाले की मी दाढी करत दारात उभा असायचो. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं माझ्याबद्दल लोकांना जरा संशयच होता. आधी कॅसेटी भरून द्यायचो, मग लग्नात कर्णे लावले, आणि गेली दहा-बारा वर्षं उस्मानभाईंच्या पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत बसून लोकांचे अर्धवट राहिलेले ट्रॅक पूर्ण करून देतो. संपादकांनी 'तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा' असं सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, आधी व्यवसाय काय आहे ते लिहा. माझ्या सख्ख्या भावालाही तो अजून समजलेला नाही.

तर ऐका. हल्ली संगीत करायला पेटी लागत नाही, तबला लागत नाही. लॅपटॉप नाही तर मोबाइल लागतो. ढोलापासून व्हायोलिनपर्यंत सगळे आवाज त्याच्या पोटात तयार असतात. पडद्यावर चौकोन मांडायचे, इकडचा तिकडे ओढायचा, की ठेका वाजायला लागतो. पहिलं अर्धं मिनिट कुणाचंही झकास होतं. खरी पंचाईत त्याच्या पुढं असते. आता काय करायचं, किती वेळ चालवायचं आणि थांबायचं कुठं, हे काही केल्या सुचत नाही. मग माणूस त्या अर्ध्या मिनिटाला सहा-सहा महिने पॉलिश करत बसतो आणि शेवटी वैतागून माझा जिना चढतो. मी कुठला आवाज दाबायचा, कुठला काढून टाकायचा ते ठरवतो, शेवट बसवतो, आणि ट्रॅक मोबाइलवर, कानातल्या बोंडांत, रिक्षात आणि लग्नाच्या मांडवात सारखाच नीट वाजेल असा करून देतो.

हे काम तसं सोपं आहे. अवघड काम म्हणजे ट्रॅक कसा झालाय ते सांगणं. आपल्याकडं कुणालाही काही ऐकवा, तो 'लई भारी' म्हणतो. जिलबी लई भारी, शेजाऱ्याचं नवं गेट लई भारी, आणि ट्रॅकही लई भारी. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. समोरच्याचं मन राखायचं आणि चहा येईपर्यंत बसायचं, एवढाच मामला असतो. पण त्या भरवशावर बनवणारा फसतो. म्हणून मी दारावर पाटी लावली होती: 'ट्रॅक पूर्ण करून मिळतील. स्तुती मिळणार नाही.' पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं ती वाचली आणि म्हणाला, काका, पाटी लई भारी.

खरं मत मिळवण्यासाठी मी एक युक्ती काढली होती. पडेगावचा बबन शेअरिंगची रिक्षा चालवतो, बजाजनगर ते स्टेशन. त्याच्या मागच्या सीटखाली एक वूफर आहे. वूफर म्हणजे नुसता जाड, धमधम आवाज काढणारा डबा. नवा ट्रॅक मी बबनला द्यायचो आणि त्यानं तो कुणाला काही न सांगता दिवसभर वाजवायचा. मतं विचारायची नाहीत, नुसतं आरशात बघायचं. संध्याकाळी तो माझ्याकडं येऊन अहवाल द्यायचा.

"दुसऱ्या मिनिटाला सगळ्यांनी मोबाइल काढले, काका," तो एकदा म्हणाला. "तिथं कायतरी कमी हाय."

"आणि शेवट?"

"शेवटी एका मावशीनं मांडीवरची भाजीची पिशवी खाली ठिवली अन् पाय हलवाय लागली. शेवट पास."

बबनचा अहवाल मी कुठल्याही जाणकाराच्या वर मानतो. त्यानंच मला एक मोठी गोष्ट शिकवली. एकदा एक म्हातारबाबा स्टेशनला उतरता उतरता त्याला म्हणाले, ते मघाचं परत लाव. त्यासाठी ते पुन्हा रिक्षात बसले आणि एक चक्कर जास्तीची करून आले. बबनचं म्हणणं असं, की चांगलं आहे असं तोंडदेखलं सगळेच सांगतात, पण 'परत लाव' असं तोंडदेखलं कुणी सांगत नाही. मी तेव्हापासून तेवढंच मत खरं धरतो.

माझ्या लबाड्या एवढ्यावर संपत नव्हत्या. माझ्या टेबलावर एका जुन्या अॅम्प्लिफायरचं चांदीसारखं चकचकीत, चांगलं मुठीएवढं बटन बसवलेलं आहे. ते कशालाच जोडलेलं नाही. ट्रॅक पूर्ण झाला तरी ज्यांचं समाधान होत नाही त्यांना मी म्हणायचो, या बटनानं जरा गोडवा येतो, तुमच्या हातानं फिरवा, तुमचा कान वेगळा आहे. गिऱ्हाईक डोळे मिटून ते केसभर फिरवायचं आणि खूश व्हायचं. फुलंब्रीचे सोपानराव तर दर वेळी 'आजून लई नको, एवढंच ठिवा' असं मला बजावून जात. बँकेतले जोशी म्हणून एक गृहस्थ होते. त्यांच्या एका ट्रॅकच्या फायली 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'खरा अंतिम' अशा करत करत एक्केचाळिसाव्या अंतिमापर्यंत पोचल्या होत्या. मी एक दिवस त्यांना गुपचूप सहावी फाइल ऐकवली. जोशी खुर्चीतून उठले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, आता जमलं बघा, एवढीच कसर राहिली होती. मी नम्रपणे मान खाली घातली. या गोष्टी मी बायकोला सांगून पुष्कळ हसत असे. ती हसायची नाही. ती म्हणायची, एक दिवस तुमचं तुम्हाला महागात पडेल.

तो दिवस वैशालीनं आणला.

वैशाली वाळूजच्या एका कंपनीत मशीन दुरुस्तीच्या खात्यात आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली, तिशी ओलांडलेली, बोलायला कमी. तिचे वडील, सगळे त्यांना दादाच म्हणतात, दुसऱ्या एका कंपनीत तीस वर्षं प्रेस मशीनवर होते. प्रेस म्हणजे पत्र्यावर घणासारखा ठोका घालून त्याचा भाग काढणारं धूड. तीस वर्षं तो ठोका ऐकून दादांचे कान गेले. म्हणजे बारीक आवाज सगळे गेले, थोडेफार जाड उरले. पाखरं, फोनची घंटी, बायकांचं बोलणं काही नाही. वैशालीचा आवाज बारीक. बाप-लेकीचं बोलणं गेली पाच-सहा वर्षं हातवारे आणि ओठ बघून चाललेलं.

कंपनीत खंडेनवमीला मशीनची पूजा असते आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडतात. दादांच्या नोकरीच्या शेवटच्या खंडेनवमीला वैशाली गेली होती. पूजा झाल्यावर दादांनी नारळ फोडला आणि आपलं नऊ नंबरचं मशीन मिनिटभर चालवून दाखवलं. तिनं तो आवाज मोबाइलवर घेतला. त्या मिनिटावर तिनं दीड वर्ष खपून ट्रॅक बांधला होता. वर नऊ नंबरचा खणखणाट, आणि खाली तिनं स्वतः घडवलेला जाड ठेका, दादांना पोचावा म्हणून.

माझा नियम मी तिला सांगितला, स्तुती मिळणार नाही. ती म्हणाली, "तुमचं मत नकोच आहे, काका. दादांना ऐकू आला तर झाला. नाही आला तर मी हे सगळं बंद करणार. लॅपटॉप पण देऊन टाकणार कुणाला तरी."

हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की मला गंमत सुचेना. दादा शुक्रवारी गावाकडं, फुलंब्रीला, थोरल्या भावाकडं कायमचे राहायला जाणार होते, म्हणून त्यांना गुरुवारी माझ्या खोलीत आणायचं ठरलं. आमच्या हातात मंगळवार आणि बुधवार उरले.

इथं मला माझी चूक सांगायलाच हवी. गिरणी चालू असली की माझ्या खोलीची फरशी थरथरते आणि एक जाड घरघर सगळ्या खोलीत भरून राहते. म्हणून जाड आवाजाचं काम मी फक्त शुक्रवारी करतो. शुक्रवारी उस्मानभाई नमाजला जातात आणि गिरणी दिवसभर बंद असते. हा नियम मी कधीच मोडला नव्हता. त्या आठवड्यात मोडला. मंगळवारी, बुधवारी खाली दिवाळीच्या भाजणीची रांग लागलेली, गिरणी अखंड चालू, आणि वर मी वैशालीच्या ट्रॅकला हात घालून बसलेलो. मला सारखं वाटत होतं, जाड आवाज फार झालाय, नुसता गोंगाट होतोय. म्हणून मी तो कमी करत गेलो. मी कमी केला ट्रॅकमधला. जास्त होता तो गिरणीचा. माझ्यासारख्या जुन्या खोडाच्या हे लक्षात यायला हवं होतं, पण त्या दोन दिवसांत आपण कुणाचं तरी भलं करतोय या आनंदात होतो, आणि त्या आनंदात माझे कान नेहमीच जरा कमी चालतात.

वैशालीनंही शेवटी त्या चांदीच्या बटनाला हात लावला, जरासं फिरवलं आणि म्हणाली, ठीक आहे.

गुरुवारी दादा आले. उंच, वाळलेला माणूस, डोक्यावर टोपी, हातांवर जुने भाजल्याचे डाग. मी त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी चपला काढून पाय फरशीवर टेकवले आणि दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. खाली गिरणी चालूच होती. वैशालीनं ट्रॅक लावला आणि ती बापाच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. दादा हलले नाहीत. मग हळूहळू मान डोलवू लागले. ट्रॅक संपल्यावर दोन क्षणांनी त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण वैशालीचा हात बंद करायच्या बटनाकडं गेलेला त्यांनी पाहिला, आणि मान थांबवली.

"आलं," ते मोठ्यानं म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. "सगळं आलं बघ पोरी. लई भारी झालंय."

वैशाली रडली. मीही डोळे पुसले, खोटं कशाला बोलू. तिनं फाइलला 'पूर्ण' असं नाव दिलं. पहिल्यांदाच माझ्या खोलीत कुणी 'पूर्ण' एकदाच लिहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. गिरणी बंद. मी चहा घेतला आणि कौतुकानं ट्रॅक लावला.

खाली काही नव्हतंच. वर नऊ नंबर खणखणत होता आणि त्याच्या खाली पोकळ. मी तळवा टेबलावर ठेवला, टेबल गार. चपला काढून फरशीवर उभा राहिलो, फरशी ढिम्म. तेव्हा कुठं मला कळलं. दादांना जे पोचलं होतं ते भाजणीचं दळण होतं.

मग मी जे केलं ते माझ्या स्वभावाला धरूनच होतं. जाड आवाज होता तसा परत आणला, चांगला भरला, तीन तास बसून नीट बसवला, आणि फाइलला पुन्हा 'पूर्ण' हेच नाव देऊन वैशालीला पाठवून दिली, काही न सांगता. म्हटलं, ती खूश आहे, बाप खूश आहे, ट्रॅकही आता बरोबर झाला. कुणाला काय कळतंय.

शनिवारी सकाळी जिना चढताना उस्मानभाईंनी हाक मारली. ते गिरणीत पाना घेऊन वाकले होते.

"वो परसों बुजुर्ग आये थे ना तुम्हारे पास," ते म्हणाले. "जाते जाते मेरेकू बोले, पट्टा ढीला हय तुम्हारा, फिसल रा. मैं बोला इनको तो सुनता नई, इनको कैसा मालूम. आज खोल के देखा तो हौ, ढीलाच था."

मी पायरीवरच बसलो. तीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला पायाखाली काय थरथरतंय ते कळणार नाही होय? दादांना ट्रॅक ऐकू आलाच नव्हता. खाली मोटर फिरतेय, तिचा पट्टा घसरतोय, हे सगळं त्यांना तळपायातून बरोबर कळत होतं. आणि समोर पोरगी डोळ्यांत जीव आणून उभी आहे, हेही दिसत होतं. म्हणून ते लई भारी म्हणाले. माझ्या पाटीखाली बसून त्यांनी मला चकवलं.

आता गप्प राहणं जमेना. दादांना तो खोटेपणा आयुष्यभर सांभाळावा लागणार होता आणि वैशालीला त्यावर विश्वास ठेवून बसावं लागणार होतं. मी तिला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. गिरणी, माझा मोडलेला नियम, गुपचूप बदललेली फाइल, पट्टा. ती खिडकीतून खाली दळणाचे डबे बघत राहिली. मला तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी ती म्हणाली, "काका, ते चांदीचं बटन कशालाच जोडलेलं नाही."

मी बटनाकडं पाहिलं. "कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. टेबलाखाली वाकून बघितलं होतं मी. वायरच नाही."

"मग त्या दिवशी फिरवलंस कशाला?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही इतक्या कौतुकानं सांगत होता."

मला मग एकेक आठवायला लागलं. सोपानरावांचं 'एवढंच ठिवा', जोशींनी हातात घेतलेला माझा हात. यांतल्या किती जणांनी माझं मन राखलं असेल, देव जाणे. मी विचारायला गेलो नाही. काही हिशेब न तपासलेलेच बरे.

रविवारी आम्ही फुलंब्रीला निघालो. बबनची रिक्षा, मागं वैशाली आणि मी, सीटखाली वूफर. कारण माझ्या खोलीवर आता तिचा विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर माझाही नव्हता. वाटेत ती एकदाच बोलली. "या वेळी नाही पोचलं तर मी खरंच बंद करणार," ती म्हणाली. बबननं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि नेहमीचं गाणं लावायला नेलेला हात मागं घेतला.

दादा मळ्यात होते. आम्हाला बघून बांधावरून चालत आले. वैशालीनं रिक्षाकडं, मग आपल्या कानाकडं बोट दाखवलं. दादा जरासे ओशाळले. मग मागच्या सीटवर चढून बसले, चपला काढल्या, एक तळवा सीटवर आणि एक दांड्यावर टेकवला, आणि बबनला मोठ्यानं म्हणाले,

"आधी इंजिन बंद कर, बाबा. मागच्या टायमाला या काकांनी मला गिरणी ऐकवली."

बबननं इंजिन बंद केलं. मी मान खाली घातली, या वेळी नम्रपणा म्हणून नव्हे. वैशालीनं वडिलांकडं पाहिलं, वडिलांनी तिच्याकडं. तुला म्हाईत झालं व्हय, असा काहीसा भाव त्यांच्या तोंडावर आला. ती नुसती हसली आणि तिनं ट्रॅक लावला.

सीटखालचा डबा धमधमायला लागला. दादांची मान हलली नाही. डोलणं वगैरे काही नाही. कपाळाला आठी घालून, डोळे बारीक करून बसले, कुणी तरी सुटे भाग तपासावेत तसे. अर्ध्यात आल्यावर त्यांनी सीटवरचा तळवा उचलून पुन्हा टेकवला. बोट वर केलं. पुन्हा काही वेळानं बोट वर केलं. वैशालीचा रंग उतरला. ट्रॅक संपला.

"हे काय लई भारी नाय," दादा म्हणाले.

बबन समोरच्या विहिरीकडं बघत होता.

"नऊ नंबर हाय ना हे?" दादा पुढं म्हणाले. "वळखलं मी. पण तिसरा ठोका उशिरा पडतोय. नऊ नंबरचा तिसरा ठोका कधीच उशिरा पडला नाय. पडला असता तर माझी बोटं गेली असती."

वैशालीनं दोन्ही हात तोंडावर धरले. मग हात हलवून, ओठ ठळक करून त्यांना सांगू लागली, की तो तिनं मुद्दाम उशिरा ठेवलाय, तसंच छान वाटतं. "मुद्दाम कशापायी?" दादा विचारू लागले. "मशीनला काय हौस असती का?" ती परत समजावू लागली. तीन-चार मिनिटं दोघं भांडले, एक मोठ्यानं आणि एक मुक्यानं. पाच-सहा वर्षांत एवढं बोलली नसतील असं मला वाटलं.

शेवटी दादांनी हात वर करून भांडण थांबवलं. भांडताना उचललेला पाय परत रिक्षाच्या पत्र्यावर नीट टेकवला, तळवा सीटवर ठेवला.

"परत लाव," ते म्हणाले. "बघू दे."

बबननं आरशातून माझ्याकडं पाहिलं.

तिनं परत लावला. मग परत. सहाव्यांदा ट्रॅक अर्ध्यावर असताना रिक्षाची बॅटरी उतरली आणि सगळं गप्प झालं. इंजिन सुरू होईना. मग आम्ही उतरलो आणि मळ्यापासून रस्त्यापर्यंत रिक्षा ढकलत नेली. बबन हँडल धरून पुढं, वैशाली आणि मी एका अंगाला, आणि दादा मागून खांदा लावून, दर दहा पावलांनी ओरडून सांगत होते की तिसरा ठोका उशिराच आहे.

तो तिनं तसाच ठेवलाय.